मुलींच्या गायनवृंदाचा षड्ज

अमरावती जिल्ह्यांतील मोझरी येथें १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज आश्रम स्थापन केला, आणि तेथून पसरलेल्या सामुदायिक प्रार्थनेनें एकत्र गाण्याची संवय वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत रुजविली. अमरावती-अकोल्याच्या एखाद्या शाळेंत मुलींचा गायनवृंद उभा करूं पाहणाऱ्या शिक्षकाला ही मशागत केलेली जमीन आयतीच लाभते. मात्र प्रार्थनेंत भाव मुख्य. कोणाचा षड्ज कोठें लागतो, याची तेथें फारशी चौकशी होत नाहीं. गायनवृंदांत पहिला प्रश्न तोच.

पुरुष गायक सामान्यतः काळी एकच्या आसपास षड्ज धरतात, स्त्रिया काळी चार किंवा पांचला. शिक्षकानें स्वतःच्या सोयीनें पेटीवर काळी एक धरली, कीं मुलींपुढें दोनच वाटा उरतात: त्याच्याच सप्तकांत गाऊन खालचे स्वर गिळावयाचे, किंवा एक सप्तक वर जाऊन तार गंधार-पंचमाशीं झगडावयाचें. मग मानेच्या शिरा ताणतात, हनुवटी वर चढते, आणि दोष मात्र बिचाऱ्या मुलीच्या गळ्याच्या पदरीं पडतो. पाश्चात्य वृंदांत ही अडचण निराळ्या रीतीनें सुटते. व्हेनिसमधील ज्या 'पिएता' अनाथालयांत विव्हाल्डी १७०३ सालीं व्हायोलिनशिक्षक म्हणून रुजू झाला, तेथील मुलींचा वृंद युरोपभर गाजला होता. तशा वृंदांत उंच व खालच्या आवाजांना वेगवेगळ्या स्वरपंक्ति वांटून देतात. आपल्याकडे सर्वांनीं एकच चाल गावयाची असते. तेव्हां षड्ज मुलींचा घ्यावा, आणि निदान पहिल्या वर्षीं चालीचा आवांका एका सप्तकाबाहेर फारसा जाऊं देऊं नये.

याहून नाजूक गोष्ट वयाची. बारातेराव्या वर्षाच्या सुमारास मुलग्यांचा आवाज जवळजवळ एक सप्तक उतरतो, हें सर्वांस ठाऊक आहे. मुलींचाहि आवाज बदलतो, हें मात्र घरांत वडीलधाऱ्यांच्या ध्यानींमनीं नसतें. तो दोनतीन स्वरच उतरतो; पण तेवढ्या काळांत त्यांत हवा मिसळते, घोगरेपणा येतो, वरचे स्वर ऐन वेळीं दगा देतात. स्वरतंतु वाढत असतात, इतकेंच. नेमकें याच वेळीं 'गळा बिघडला' असें म्हणून तिला मागच्या रांगेंत नुसते ओठ हलविण्यास बसवितात, आणि ती मुलगी पुढें अंगाईदेखील मोठ्यानें म्हणण्यास लाजते. अशा मुलीला मध्य सप्तकांतील चारपांच स्वर, तंबोऱ्याच्या साथीनें, संथ श्वासावर आणि हलक्या आवाजांत रोज दहा मिनिटें म्हणूं द्यावे. वरच्या स्वरांची घाई नको.

उच्चारांचें काम त्या मानानें सोपें. वऱ्हाडी बोलींत 'ण'चा 'न' आणि पुष्कळदां 'ळ'चा 'य' होतो. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. गीत बोलींतलें असेल तर सर्वांनीं 'डोया' म्हणावें, ग्रांथिक असेल तर सर्वांनीं 'डोळा'. दहाजणी एक व दहाजणी दुसरें म्हणूं लागल्या, कीं सभागृहाच्या टोकाला बसलेल्या श्रोत्याला शब्दच कळत नाहीं.