नोंद बदलावी, मांडणी मोडू नये

लोहारा तालुक्यातील गावांचे जमीन-दप्तर अनेक हातांतून आले आहे. निजामी अमलात महसुली कारभार उर्दूत चाले. पुढे 1954-55 चे खासरा पाहणीपत्रक आले, त्यानंतर सातबारा रूढ झाला आणि अलीकडे तो संगणकावर गेला. दप्तर असे नव्याने उतरवले जाते तेव्हा मजकुराइतकीच त्याच्या मांडणीचीही जपणूक करावी लागते.

हस्तलिखित सातबाऱ्यावर मयत खातेदाराचे नाव पुसून टाकीत नसत; त्यास कंस करीत आणि फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहा उघडला की जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, ही साखळी जुळे. नक्कल करणाऱ्याने केवळ चालू नावे घेऊन कंस गाळले, तर उतारा नीटनेटका दिसेल खरा. परंतु एखाद्या बहिणीचे नाव हक्कसोडीने कमी झाले की नजरचुकीने, हे त्यावरून कळणार नाही.

संगणकाकडूनही असेच घडते. प्रणालीने कसे चालावे याचे निर्देश पुष्कळदा साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात. ती फाइल वाचताना बहुतेक प्रणाली केवळ निर्देशाचे नाव आणि त्याचे मूल्य उचलतात. माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप, दोन भागांमधील कोरी ओळ यांना त्यांच्या लेखी अर्थ नसतो. मग एकच आकडा बदलून फाइल जतन केली, तरी सारी फाइल नव्याने लिहिली जाते आणि ‘हा आकडा वरिष्ठांस विचारल्याशिवाय बदलू नये’ ही टीप निमूटपणे नाहीशी होते. निर्देशांचा क्रमही कित्येकदा बदलतो. पायथॉन या संगणकभाषेत कोशातील नोंदींचा क्रम टिकण्याची हमी 2018 च्या 3.7 आवृत्तीपासून मिळाली. टिपांचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यावर उपाय जुन्या कारकुनाचाच आहे. मूळ फाइल ओळीओळीने जशीच्या तशी स्मृतीत ठेवावी आणि बदललेल्या ओळीपुरताच हात लावावा.

सातबाऱ्याच्या बाबतीत 2017 साली गावोगाव चावडी वाचन होऊन संगणकीय नोंदी तपासण्यात आल्या. 2020 च्या सुधारित नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेष आली. रेषेखालील नाव वाचता येते, हे त्यातील इष्ट. तरीही लेखनप्रमाद राहिला असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 अन्वये दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. अर्जासोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडावी; मूळचे कंस आणि वर्तुळे तेथेच सापडतात.