मेंदूत नव्या पेशी तयार होतात, मग लकव्यासाठी स्टेम सेलचे इंजेक्शन घ्यावे का?

जळगाव-धुळे भागात लकव्याचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, स्टेम सेलने मेंदूच्या पेशी परत येतात म्हणे. मुंबईला नेऊ का?" काही जण त्यासाठी शेत विकायलाही तयार असतात. पैसे भरण्यापूर्वी हे वाचा.

नव्या पेशी कुठे तयार होतात?
मेंदूत आत खोलवर, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवीन आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तेथील मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, विभागतात आणि त्यांतून काही नव्या चेतापेशी बनतात. माणसात याचा पुरावा 1998 मध्ये मिळाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने उंदरांमधील या प्रक्रियेचा अभ्यास केला आहे. प्रौढ माणसात या पेशी नेमक्या किती बनतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. 2013 च्या एका अभ्यासाचा अंदाज होता, प्रत्येक बाजूला रोज सुमारे 700.

मग लकवा यातून का भरून निघत नाही?
मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. शिवाय नव्या पेशी प्रामुख्याने हिप्पोकॅम्पसमध्येच आढळल्या आहेत. हातापायाची हालचाल मेंदूचे दुसरे भाग सांभाळतात. लकव्यानंतर जी सुधारणा दिसते, ती मुख्यतः उरलेल्या पेशी नवे जोड तयार करून काम वाटून घेतात म्हणून. त्यासाठी फिजिओथेरपी नियमित हवी.

इंजेक्शनबद्दल काय?
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेल प्रत्यारोपण फक्त रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मान्य आहे. लकव्यासाठी ते केवळ मंजूर संशोधन चाचणीतच देता येते आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी पैसे मागितले, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा.

तुमच्या हातात काय आहे?
• तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय लगेच गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.
• बीपी आणि शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका.
• रोज चाला. खान्देशचा उन्हाळा पाहता पहाटे निघा. 2011 च्या एका अभ्यासात वर्षभर चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला होता. ती वाढ नव्या पेशींमुळेच झाली, असे म्हणता येत नाही. पण चालण्यासाठी शेत विकावे लागत नाही.