पाळणाघर घ्यावे की भत्ता?

दिवाळी उलटून कापसाची आवक वाढू लागली म्हणजे खामगाव-मलकापूरकडील जिनिंगांची धडधड दिवसरात्र चालू होते, आणि त्या आवारातच, ढिगाशी बसून कवडी व कचरा वेचणाऱ्या बायांच्या पाठीमागे, जुन्या लुगड्याच्या झोळीत निजलेले एखादे तान्हे मूल दृष्टीस पडते. हवेत तरंगणारे तूस त्याच्या पापण्यांवर बसते. झोळीला झोका देणारी बहीण सात-आठ वर्षांची असते, आणि तिच्या शाळेच्या हजेरीपटावर त्या दिवशी तिची गैरहजेरी लागलेली असते. या दोन्ही मुलांची किंमत कोणत्याही जमाखर्चात मांडलेली नसते. म्हणूनच मुलाच्या संगोपनासाठी मालकाने देऊ केलेले साहाय्य पाळणाघराच्या रूपाने घ्यावे की रोख रकमेच्या, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

विलायतेत या प्रश्नाला संगोपन-कूपनांचे रूप आले होते. नोकराने आपल्या पगारातून दरमहा २४३ पौंडांपर्यंतची रक्कम कमी करून घ्यावी, मालकाने तेवढ्याच किमतीची कूपने द्यावीत, ती पाळणाघरात चालावीत आणि त्या रकमेवर आयकर पडू नये, अशी ती योजना होती. ४ ऑक्टोबर २०१८ पासून तिच्यात नवा प्रवेश बंद झाला. तिच्या जागी आलेल्या योजनेत पालकाने भरलेल्या प्रत्येक ८ पौंडांमागे सरकार २ पौंड घालते, एका मुलामागे सामान्यतः वर्षाला २,००० पौंडांपर्यंत; मात्र दोन्ही योजनांचा लाभ एकाच वेळी घेता येत नाही, त्यामुळे तेथील मराठी कुटुंबांनाही कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

आपल्याकडे तसल्या करबचतीचा आधार अगदी तोकडा. अपत्यांच्या शिक्षणभत्त्यावर आयकराची जी सूट वर्षानुवर्षे चालत आली, ती एका अपत्यामागे दरमहा १०० रुपये, आणि तीही दोनच अपत्यांपुरती. शिवाय मूळ पगारातून कापून कूपन किंवा भत्ता दिला गेला, तर भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि प्रसूतिकाळातील वेतन यांचा हिशेब ज्या रकमेवर व्हावयाचा, ती रक्कमच घटण्याचा धोका असतो. आज हातात चार पैसे अधिक दिसावेत आणि पुढच्या बाळंतपणात तेच वजा व्हावेत, हा सौदा नोकरदार स्त्रीने स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याने आपल्या स्त्रियांना कूपन नव्हे, तर प्रत्यक्ष पाळणाघर दिले आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात त्याची तरतूद होती, आणि १९७६ नंतर तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ती लागू झाली. प्रसूती लाभ अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन आले. हे पन्नास म्हणजे पन्नास स्त्रिया नव्हेत. पुरुष धरून पन्नास. त्यामुळे पतसंस्था, शाळा, रुग्णालय किंवा कारखाना, कोणालाही ‘आमच्याकडे बाया थोड्याच आहेत’ असे म्हणून सुटता येत नाही. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा आहे, विश्रांतीची सुटी त्यातच धरून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे बंधन कायम ठेवले असून, अनेक आस्थापनांनी मिळून एकच सामायिक पाळणाघर चालविण्याची वाट मोकळी केली आहे. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या जिनिंगांना याहून सोयीची तजवीज कोणती असणार!

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, मालक पाळणाघराऐवजी दरमहा १,००० रुपये देऊ करतो, मूल सांभाळणारी शेजारीण १,५०० मागते आणि आईचा रोज ४०० रुपये आहे. शेजारणीला ताप आला, ती माहेरी गेली, की खाडा आईचा. महिन्यात असे तीन खाडे पडले तर १,२०० रुपये बुडाले. हजाराच्या भत्त्यापुढे २,७०० चा खर्च उभा राहतो, आणि अंगावरचे दूध सुटल्याने आणाव्या लागणाऱ्या डब्याच्या दुधाचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत.

मात्र पाळणाघर म्हणून एखाद्या गोदामात सतरंजी टाकून दिली असेल, तर तेथे मूल ठेवू नये. सांभाळणारी बाई कायमची आहे का, तिच्याकडे किती मुले आहेत, पिण्याचे पाणी, झोपण्याची स्वच्छ जागा व खाऊ यांची व्यवस्था कशी आहे, हे एक दिवस तेथे बसून पाहावे. घरी धडधाकट आजी असेल, किंवा मूल तीन वर्षांचे होऊन अंगणवाडीत रमले असेल व उरलेल्या वेळेची सोय असेल, तर भत्ता घेण्यास हरकत नाही. पण तो वेतनचिठ्ठीत वेगळा, पगारात भर म्हणून दाखविलेला असावा.

सर्वांत बिकट अवस्था मुकादमामार्फत येणाऱ्या बायांची. त्यांचे नाव आस्थापनेच्या हजेरीपटावर चढले नाही, तर कागदोपत्री पन्नासची संख्या भरत नाही, आणि कायदा फाटकाबाहेरच थांबतो. निंदणी-वेचणीला जाणाऱ्या शेतमजूर बाईला तर असे फाटकही नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमून तिलाही तीच मजुरी देण्याची तरतूद केली होती. जे सरकारी बंधाऱ्याच्या कामावर शक्य मानले गेले, ते जिनिंगच्या आवारात अशक्य का असावे?

पाळणाघराच्या सुविधेची माहिती नियुक्तीच्या वेळी लेखी देणे मालकावर बंधनकारक आहे. ती मिळाली नसेल तर मागा. एकटीने नव्हे, चौघी-पाचजणींनी मिळून सहीनिशी अर्ज द्या, आणि त्याची एक प्रत बुलढाण्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या.