‘मलेझ’ या शब्दाविषयीं

‘मलेझ’ हा शब्द इंग्रजीनें फ्रेंचांकडून घेतला. ‘माल’ म्हणजे वाईट, ‘एझ’ म्हणजे स्वास्थ्य. ज्वर चढलेला नाहीं, दुखतें कोठें तें सांगतां येत नाहीं, पण अंग कसकसतें, अशा स्थितीला डॉक्टर हा शब्द लावतात. त्याचें भाषांतर ‘चिंता’ असें करणें चूक. चिंतेला विषय असतो, येथें तो सांपडत नाहीं. घरांत कोणी ‘कसेंसेंच होतें’ म्हणाला, तर तें ढोंग समजूं नये. फ्लूची किंवा कावीळीची सुरुवात पुष्कळदां अशीच होते.

समाजाविषयीं बोलतांना ‘मरगळ’ हा शब्द मला जवळचा वाटतो. १५ जुलै १९७९ रोजीं, इंधनटंचाईच्या दिवसांत, अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं राष्ट्राचा आत्मविश्वास ढळल्याविषयीं भाषण केलें. त्यांत ‘मलेझ’ हा शब्द एकदांही नव्हता! आरंभीं तें भाषण लोकांना आवडलेंही होतें. परंतु पुढें ‘मलेझचें भाषण’ हेंच नांव त्याला चिकटलें. रोगाचें नांव घेतलें तर औषध विचारतां येतें. ‘मरगळ’ म्हटली कीं दोष रोग्याच्याच माथीं येतो. महागाई होती, इराणांतील ओलिसांचें प्रकरण होतें. १९८० सालीं कार्टर निवडणूक हरले, आणि न उच्चारलेला शब्द मात्र त्यांच्या नांवावर राहिला.