येळ्ळूरच्या शिवारात तीन रात्री

मे महिन्यात वडगावकडून येळ्ळूरला जाताना गाव दिसायच्या आधी वास येतो. लोकर, लेंडी, मूत आणि दिवसभर तापलेली काळी माती यांचा मिळून झालेला उग्र वास. कामावर निघालेली पोरं मोटारसायकलवरच नाकाला रुमाल लावतात. बांधावरचा म्हातारा मात्र खुशीत असतो. "बकरी बसलीत," एवढंच सांगतो आणि हाताने शेत दाखवतो. बेळगावकडे बकरी म्हणजे मेंढरंच.

हा वास कसला आणि एवढ्या मेंढरांना कुणी बोलावलं, हे बघायला त्या शेतात उतरलं की पहिल्यांदा दिसते वाघर, म्हणजे दोरीची जाळी. खुंट्या ठोकून ती ताणली की उघड्या शिवारात रात्रीपुरता वाडा तयार होतो. आत काळी दख्खनी मेंढरं एकमेकांना चिकटून उभी. बाहेर दोन तट्टं, तीन कुत्री, चूल, पाण्याच्या घागरी आणि वेताच्या डालग्याखाली झाकलेली कोकरं. बिऱ्हाड चिकोडीकडचं. नवरा-बायको, त्याचा भाऊ, एक धाकटं पोर. मोठी दोन मुलं शाळेसाठी गावी, आजीजवळ.

येळ्ळूरचं शिवार भाताचं. बासमती आणि इंद्रायणीसाठी बेळगाव परिसरात नाव असलेलं. भात निघालं की मसूर, हरभरा, वाटाणा. तोही निघाला की जूनच्या तोंडावर धूळवाफ पेरणी होईपर्यंत जमीन मोकळी. नेमकं हेच रिकामपण धनगराच्या कामाचं. त्याची मेंढरं दिवसा धसकटं, बांधावरचं गवत, बाभळीच्या शेंगा खातात आणि रात्री शेतात बसतात. शेतकरी त्याबद्दल रात्रीचे पैसे देतो, वर तांदूळ. पूर्वी हा व्यवहार धान्यावरच चाले. ट्रॉलीने विकत आणलेल्या शेणखताला हे का जमत नाही, याचं उत्तर म्हातारा एका शब्दात देतो: मूत. उकिरड्यावर ते वाया जातं, इथे जागच्या जागी मातीत मुरतं. सकाळी वाघर उपटून पुढच्या तुकड्यात लावायची. असं करत करत सगळं शेत झाकून निघतं.

"एका मालकाकडं तीन रात्री," मेंढका म्हणतो. "चौथ्या रात्री बकरं आपणच उठतंय."

हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो. कुणी विचारलं किती दिवस, तर तीन रात्री. पुढं कुठं, तर आधी इथल्या तीन रात्री होऊ देत.

ही माणसं का फिरतात, याचं उत्तर बसून राहिलेले लोक फार हौसेने देतात. रक्तातच भटकणं आहे, मोकळ्या आभाळाची ओढ आहे, वगैरे. मेंढक्याला विचारलं तर तो मेंढराचा पाय उचलून दोन नख्यांमधली फट दाखवतो. जमीन सतत ओली राहिली की तिथली कातडी नरम पडते, सडते, जनावर लंगडायला लागतं. शिवाय पाणथळीच्या गवतातून यकृतात जंत जातो. भातखाचरातल्या गोगलगायींमधून तो पसरतो, हे पशुवैद्य सांगतात. गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबली की जनावर गेलं, हे मेंढका सांगतो. दोघांचं म्हणणं एकच.

त्यातून बेळगाव जिल्ह्याचा नकाशाच असा की एका टोकाला छत्री आणि दुसऱ्या टोकाला टँकर. शहरात वर्षाला साधारण 1200 ते 1300 मिलिमीटर पाऊस. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला त्याहून कितीतरी जास्त. पूर्वेला अथणीकडे मात्र शहराच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून मृगाच्या आधी मेंढरं पूर्वेच्या कोरड्या माळावर पोचायला हवीत आणि तिकडचं गवत संपलं की पश्चिमेच्या भातपट्ट्याकडे परत. वाटेवर ऑक्टोबरच्या सुमारास पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाची जत्रा, भंडाऱ्याने पिवळी झालेली. धनगरांच्या देवांचा अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी या देवांच्या कथा गोळा केल्या. त्यातले कितीतरी देव भक्तांबरोबर जागा बदलत आलेले.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कळप परततो आणि इथून पुढचं काम मेंढक्याच्या बायकोचं. पाहणाऱ्याचे डोळे पुन्हा पुन्हा तिच्याकडेच वळतात. दिवसभर डालग्याखाली असलेली कोकरं ती एकेक करून सोडते. अंधार पडत आलेला, कोकरं सगळी काळी, माया सगळ्या काळ्या, आणि आवाज एवढा की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. ती एक कोकरू उचलते, गर्दीत शिरते आणि नेमकं त्याच्या आईच्या कासेला लावते. एकदाही परत फिरत नाही. पहिलटकरीण मेंढी पिलाला हुंगून लाथ मारते, तेव्हा ती तिचं मागचं तंगडं गुडघ्यात धरून बसते आणि पीत नाही तोवर उठत नाही.

"अक्का, कसं ओळखता?"

"तुमी तुमची पोरं कशी ओळखता?" ती म्हणते आणि पुढचं कोकरू उचलते.

तळाचा सगळा हिशेब मेंढका करतो आणि शेतकरीही त्याच्याशीच बोलतो. पण उद्या कुठलं कोकरू चालेल आणि कुठलं तट्टावर बांधायचं, हे तीच ठरवते. या धंद्याच्या कौतुकात तिचं नाव फारसं कुठे येत नाही.

मेच्या शेवटी शिवारात आणखी एक उलथापालथ चालू असते. हिवाळ्यात मेंढरांच्या पायांशी किडे टिपणारे परीट पक्षी कधीच उत्तरेकडे गेलेले असतात. जूनच्या तोंडावर मेंढरं निघतात आणि नैऋत्य वाऱ्यांबरोबर चातक येतो, आफ्रिकेकडून, अरबी समुद्र ओलांडून. 2020 साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने काही चातकांना उपग्रहावरून माग काढणारी यंत्रं बसवली, ती हाच प्रवास समजून घेण्यासाठी. चातक पावसाच्या मागे येतो, कारण त्यासोबत सुरवंट येतात. मेंढरं पावसापुढे पळतात, कारण त्यासोबत चिखल येतो. पाऊस एकच, फायदा-तोटा ज्याच्या त्याच्या पायांचा आणि चोचीचा.

माणसांच्या सगळ्या वाटा मात्र इतक्या सरळ नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच जिल्ह्यात बीडकडून ट्रक भरून ऊसतोड जोडपी येतात, संकेश्वरच्या हिरा शुगरसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात. तेही दुष्काळी भागातून पाण्याच्या भागाकडे सरकतात; वरवर मेंढरांसारखंच. पण त्यांच्या मागे उचल असते. मुकादमाकडून आधीच घेतलेली रक्कम फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. धनगर आज रात्री वाघर उपटून निघून जाऊ शकतो. कोयत्याला ती मुभा नाही. दोघांनाही सरकारी भाषेत 'स्थलांतरित' म्हणून मोकळं होणं सोपं पडतं.

धनगराची मुभाही आता आक्रसत चालली आहे. चिकोडी-निपाणीकडे पाणी आलं तिथे ऊस आला, आणि उसाचं रान मेंढरांना मोकळं होत नाही. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची घोंगडी होते, पण लोकरीला भाव असा की कातरणाऱ्याची मजुरीही निघेल याची खात्री नाही. त्यामुळे आता जत तालुक्यातल्या उंच, कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढ्यांकडे ओढा आहे. मटणाला वजन भरतं. सरकारी लस मिळते दवाखान्यात, दवाखाना असतो गावात, आणि कळप असतो वाटेवर. राज्याची हद्द तर मेंढरांना कधी कळलीच नाही. ज्या येळ्ळुरात 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक जुलै 2014 मध्ये पोलीस बंदोबस्तात पाडला गेला, त्याच गावाच्या शिवारात बसलेली मेंढरं वर्षभरात कागलच्या अलीकडे-पलीकडे चरून येतात. माणूस मात्र महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आणि कर्नाटकात कुरुब म्हणून मागासवर्गाच्या वेगळ्या यादीत.

आणि शेतं. हलगा-मच्छे बायपाससाठी बेळगावच्या दक्षिणेची तिबार पिकाची जमीन गेली. शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि रस्त्यावर भांडले. भरपाईचा वाद निदान कागदावर तरी असतो. त्या जमिनीवर दर उन्हाळ्यात बसणाऱ्या कळपाचा हक्क कुठल्याच उताऱ्यावर नव्हता.

तिसऱ्या रात्रीच्या आधी राजहंसगडामागे ढग जमले. वळीव. शेतमालक बांधावर आला.

"मामा, अजून दोन रात्री बसवा की. खालचा तुकडा ऱ्हायलाय."

"तीन रात्री ठरल्यात मालक. ढग बघा की."

घासाघीस अर्धा तास चालली. ज्या चौथ्या रात्री बकरं आपणच उठतंय, ती रात्र वाढीव पैसे आणि तांदळाची अर्धी पिशवी निघाल्यावर शक्य झाली. मेंढराच्या खुराचा नियम खरा, पण त्यात व्यवहाराला जागा ठेवलेली आहे, आणि ती का ठेवू नये? अट एवढीच की चौथी रात्र खालच्या नव्हे, वरच्या निचऱ्याच्या तुकड्यात. मालकाने मान डोलावली.

तोवर चुलीपाशी बसलेली अक्का पहिल्यांदाच सौद्यात बोलली. "चौथ्या रातीला पाऊस लागला तर कोकरं तुमच्या घरात आणून बांधीन, आधीच सांगून ठेवते."

"माडी रिकामीच हाय," मालक म्हणाला. "पोरगं पुण्याला गेलंय."