चष्मा डोळ्यांवर, गृहपाठ कानाला!

दोस्ता, आधी एक गंमत करून बघ. हा अंक डोळ्यांसमोर धर आणि भरभर डावीकडे-उजवीकडे हलव. वाच बरं आता! झाली ना अक्षरांची खिचडी?

आता अंक अजिबात हलवू नकोस. मान हलव, 'नाही, नाही' म्हणताना हलवतो तशी, आणि तेवढीच भरभर. अरेच्चा! आता वाचता येतंय की! हलणं तेवढंच, मग असं कसं?

याचं उत्तर डोळ्यात नाहीच. ते कानात आहे! मलाही ते अलीकडेच कळलं, तेही घरची फरशी वाकडी दिसायला लागल्यावर. थांब, पहिल्यापासून सांगते.

मी कबनूरची, इचलकरंजीला अगदी खेटून असलेल्या गावातली. दिवसरात्र मागांची खटाक्-खटाक् कानावर पडत असते. माझ्या डोळ्यांचा नंबर मायनस सहा. म्हणजे जवळचं दिसतं, पण लांबचा माणूस म्हणजे नुसता ढग! पण हे कुणाला कळायचंच नाही. बारा वर्षं मी कॉन्टॅक्ट लेन्स लावायचे.

ती कशी असते माहितेय? कांद्याच्या आतला पापुद्रा असतो ना, तशी पातळ, मऊ, पारदर्शक वाटी. ती डोळ्यातल्याच पाण्यावर तरंगत बसते. आणि ही मऊ लेन्स बनवायचं यंत्र कशातून तयार झालं, ओळख पाहू! मुलांच्या खेळण्यातून! चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्तर्ले नावाचे शास्त्रज्ञ होते. 1961 च्या नाताळात त्यांनी मुलांचा मेकॅनोसारखा संच घेतला, सायकलच्या दिव्याचा डायनामो जोडला आणि घरातल्या टेबलावर गरगर फिरणारं यंत्र उभं केलं. त्यातून मऊ लेन्स निघाल्या! (मुलांनी आपलं खेळणं परत मागितलं का, हे मला फार विचारावंसं वाटतं.)

तर माझे डोळे कोरडे पडायला लागले. आपल्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्ताच्या नळ्याच नसतात. तो ऑक्सिजन घेतो थेट हवेतून! त्यावर रोज तासन् तास लेन्स म्हणजे तोंडावर पांघरूण घेऊन झोपण्यासारखं. त्यात आमच्या गावच्या हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. डॉक्टर म्हणाले, "आता चष्मा वापरा."

वापरला! आणि दुकानाच्या पहिल्याच पायरीवर पाय हवेतच राहिला. पायरी होती त्यापेक्षा लांब वाटली. फरशीच्या सरळ रेघा कडेला वाकल्या. मान वळवली, की सगळा रस्ता हेलकावे खायचा. घरी पोचले तर भाचा दारातच उभा. म्हणाला, "आत्या, पाण्यातनं चालल्यागत का चालाय लागलीस गं?"

अगदी बरोबर बोलला तो! नंबर तर बरोबर होता. मग बिघडलं काय?

बिघडवलं ते करंगळीच्या जाडीएवढ्या अंतरानं! लेन्स डोळ्यावरच बसते. चष्मा असतो सेंटिमीटरभर पुढे. घरात कुणाचा मायनस नंबरचा चष्मा असेल तर विचारून घे. डोळ्याजवळ धर आणि त्यातून समोरचं कॅलेंडर बघत हळूहळू चष्मा पुढे ने. कॅलेंडर लहान लहान होत जातं! म्हणून तर माझी पायरी लहान झाली आणि लांब गेली.

शिवाय लेन्स डोळ्याबरोबर वळते. तू जिकडे बघशील तिकडे ती हजर! चष्मा मात्र घराच्या खिडकीसारखा. तो जागचा हलत नाही. कडेनं बघितलं तर वाकडं दिसतं आणि खिडकीबाहेर बघितलं तर धूसर.

आता ये कानाकडे. हाच खरा मजेचा भाग!

वाटीत पाणी घे. त्यावर तुळशीचं पान सोड. आता वाटी झटकन गोल फिरव. काय झालं? वाटी फिरली, पान जवळजवळ तिथंच! तुझ्या कानात, अगदी आत हाडामध्ये, अशाच पाण्यानं भरलेल्या तीन इवल्याशा वळणदार नळ्या आहेत. अर्ध्या बांगड्यांसारख्या! डोकं फिरलं, की नळी फिरते आणि आतलं पाणी मागे राहतं. कान लगेच ओरडतो, "डोकं उजवीकडे चाललंय रे!" आणि डोळे तेवढेच डावीकडे वळतात. याला लागतो साधारण सेकंदाचा शंभरावा भाग! पापणी लवायलाही याच्या दहापट वेळ लागतो.

म्हणून मान हलवली तरी अक्षरं जागेवर राहिली. अंक हलवला तेव्हा कानाला काही कळलंच नाही. एकटे डोळे बिचारे मागे धावत राहिले!

डोकं 10 अंश वळलं, की डोळे 10 अंश उलटे. बारा वर्षं माझा हा हिशोब पक्का होता, कारण लेन्सनं त्याला धक्काच लावला नव्हता. पण मायनस सहाच्या चष्म्यातून जग लहान दिसतं, तर साडेआठ अंशांच्या आसपासच पुरतात! माझे डोळे आपले जुन्या सवयीनं दहाच वळत होते. वरचा दीड अंश म्हणजे तो रस्त्याचा हेलकावा!

मग? मग मेंदू बसतो गृहपाठाला! प्रत्येक वेळी चित्र घसरलं, की तो हिशोब थोडा दुरुस्त करतो. दहा नाही, साडेनऊ... नऊ... साडेआठ. तू काहीच करायचं नाही, फक्त चष्मा घालून हिंडायचं.

मेंदू याहून अवघड धडेही शिकतो बरं का! 1897 च्या सुमारास जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञानं जग उलटं दाखवणारं भिंग आठ दिवस वापरलं. एका डोळ्यावर भिंग, दुसरा झाकलेला. जमीन वर, आकाश खाली! सुरुवातीला साधा हात पुढे करायचा तरी चुकायचा. आठवड्याभरात तो घरात नीट वावरायला लागला!

त्याच्यापुढे माझा चष्मा म्हणजे पहिलीचं पुस्तक. पाचव्या दिवशी फरशी सरळ झाली. दहाव्या दिवशी मी जिना कठड्याला न धरता उतरले. भाचा म्हणाला, "आलीस पाण्याबाहेर!" (दोन आठवड्यांनंतरही डोकं दुखत राहिलं, तर मात्र चष्मा पुन्हा तपासून घ्यायचा.)

आता तुझ्या वर्गात कुणी नवा चष्मा घालून येईल. त्याच्यासमोर हात नाचवून "ही किती बोटं?" असं विचारू नकोस. बोटं त्याला छान दिसतात! फक्त पहिले चार दिवस त्याला स्लिपला उभं करू नकोस.