बांबूउडीचा सराव पाण्याखाली

बांबूउडीत आता बांबू उरलेला नाही. काचतंतूचा पोल आला आहे, आणि तो महाग आहे. म्हणूनच या खेळात घरी केलेल्या साधनांना मान आहे. २०२५ साली टोकियोत ६.३० मीटर उडी मारणारा आर्मांड डुप्लांटिस लहानपणी अमेरिकेतील लाफायेट येथे घरच्या परसातच शिकला. वडील ग्रेग स्वतः उडीपटू. त्यांनी घरामागेच धावपट्टी आणि गादी मांडली होती.

पाण्याखालचा सराव हाही असाच घरगुती प्रकार. मैदानावर पोल टेकला की पाय वर झुलवणे, डोके खाली करणे, अंग वळवणे हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊन जाते. काय चुकले ते मुलाला कळतच नाही. पाणी अंगाचा भार पेलते, त्यामुळे तीच हालचाल सावकाश करता येते. धाव आणि पोलचा वाक मात्र पाण्यात शिकता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

साधन म्हणजे जाड पीव्हीसी नळी. दोन्ही तोंडे बंद केली तर आत हवा राहते, नळी तरंगते आणि मुलाची निम्मी शक्ती तिला खाली दाबण्यातच जाते. म्हणून दोन्ही टोकांजवळ बारीक भोके पाडावीत. खालून पाणी शिरते, वरून हवा निघते. पीव्हीसी पाण्याहून जड, त्यामुळे भरलेली नळी तळाशी बसते. मधोमध भोक नको, ती तिथेच मोडेल. खालच्या टोकाला कुबडीचे रबरी बूच बसवले की फरशीवर घसरत नाही. चिकटपट्टी पाण्यात सुटते. पकडीच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळावी. पकड पाण्याच्या पातळीखालीच यावी. ती वर गेली की अंग बाहेर येते आणि सारा भार पुन्हा हातांवर.

टोक अडावे म्हणून ते तलावाच्या भिंतीच्या कोपऱ्यात खुपसावेसे वाटेल. तसे मुळीच करू नये. अंग पुढे झुलते, डोके भिंतीवर आपटेल.

पालकांनो, पोहता येणाऱ्या मुलालाच उतरवा, तेही पुरेशा खोल पाण्यात, आणि काठावर पोहणारे मोठे माणूस हवेच. दम टिकावा म्हणून भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारू देऊ नका. त्याने पाण्यातच शुद्ध हरपू शकते आणि मूल धडपडतही नाही, काठावरच्याला वाटते सराव चालू आहे.

ही नळी मैदानावर कधीही न्यायची नाही. धावत येऊन भार टाकला की ती मोडते. सराव संपला की आतले पाणी काढून सावलीत ठेवावी. उन्हाने ती ठिसूळ होते.